पुढे सरकवलेलं ताट

"अक्का, तू अकरा वर्षं माझ्यासाठी उपाशी राहिलीस... आणि मला ते कळलंसुद्धा नाही!"

हॉस्पिटलच्या खाटेवरून उल्हासचा घोगरा स्वर आला आणि सुलभाच्या काळजात चर्र झालं. धाकट्या भावाच्या तोंडून ही हाक ऐकायला तिचे कान किती आसुसले होते! पण ती ऐकू आली केव्हा, तर घशाच्या कर्करोगानं त्याला पाण्याचा घोटही जड झाल्यावर...

मल्लेश्वरमच्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये मराठी आणि कन्नड कुटुंबं एकत्र उपासनेला बसत. अकरा वर्षांपूर्वी उल्हासनं पुढाकार घेऊन कन्नड कुटुंबांना, अगदी म्हाताऱ्या गंगव्वालासुद्धा, बाहेर काढलं; तेही देवाच्या नावानं बरं! भर सभेत एकटी सुलभा उठली होती, "प्रभूच्या मेजावरून कुणाला उठवू नका!" त्या दिवसापासून भावानं तिच्याशी बोलणं टाकलं. भावाच्या मनात किल्मिष असताना प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या स्मरणार्थ वाटलेली भाकर, घ्यायचं नाही, आधी समेट करायचा, ही वडिलांची शिकवण ती कशी मोडणार? दर महिन्याला प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती बसनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीला त्याच्या दारी जाई, बंद दारावरून परते, आणि रविवारी भाकरीचं ताट समोर आलं की न घेताच पुढे सरकवी. उल्हास ते पाही आणि घरी बायकोला म्हणे, "ताठा बघ तिचा! आपल्या माणसांबरोबर खायची लाज वाटते!" खरं कारण काल चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

"त्यांना परत बोलाव ना रे," सुलभानं त्याचा हात धरला. "गंगव्वाला, सगळ्यांना..."

"गंगव्वा केव्हाच गेली, अक्का. तिची मुलं माझं तोंडही बघणार नाहीत. आता कोण येणार?"

दोघंही नुसती रडत राहिली.

खाटेजवळ उभ्या असलेल्या पाळकसाहेबांनी प्रार्थना करून प्रभुभोजनाची भाकर मोडली. सुलभानं कणभर तुकडा भावाच्या जिभेवर ठेवला. पण छे, त्याला गिळवेना! त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तुकडा उशीवर पडला.

"राहू दे, अक्का... तू घे."

सुलभानं तो ओला कण उचलून तोंडात घातला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती प्रभूच्या मेजावर जेवली; उल्हास मात्र उपाशीच राहिला.