छत्रीची सावली

सकाळी साडेआठला भाचीचा फोन आला. हुंदके आवरून ती एवढंच म्हणाली, "आत्या, माझा खेळ चोरीला गेला. आणि चोर कोण, तेही मला माहीत आहे."

चोर माहीत असेल तर आपल्याला फोन कशाला, असं आत्याच्या मनात आलं. पण तिने ते ओठावर येऊ दिलं नाही आणि पायात चपला सरकवल्या. एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासून निवृत्त झालेली बाई ती. वर्गात कोणी कोणाचं बघून लिहिलं, हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

भाची शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची आणि तिथेच काम करायची. टेबलावर दोन पडदे होते. डावीकडे तिचा खेळ: एक म्हातारा लिफ्टमन, आणि लिफ्टमध्ये माणसांच्या विसरलेल्या वस्तू. ज्याची वस्तू, त्याला नेऊन द्यायची. उजव्या पडद्यावर तोच लिफ्टमन, त्याच मिशा, तीच टोपी. फक्त खेळाचं नाव दुसरं आणि बनवणाऱ्याचं नाव अनोळखी. काल तो खेळ नेटवरच्या खेळांच्या दुकानात आला होता. भाचीचा पुढच्या महिन्यात येणार होता.

आत्याला या खेळाचा जन्म ठाऊक होता. दीड वर्षापूर्वी जॅम झाला होता. जॅम म्हणजे खेळ बनवणाऱ्यांची शर्यत, शुक्रवारी विषय मिळणार आणि रविवारी संध्याकाळी खेळ तयार पाहिजे. विषय आला होता, 'उरलेलं'. भाची प्रोग्राम लिहीत होती, खडू चित्रं काढत होती, भोंगा संगीत करत होता. खडू आणि भोंगा ही अर्थातच टोपणनावं. आत्या दोन्ही दिवस तिघांच्या पोटापाण्याचं बघत कोपऱ्यात बसली होती. शेवटच्या पाच मिनिटांत अर्ज भरताना तिघांनी एकमेकांवर केलेली आरडाओरड तिच्या कानात अजून होती.

"खडूने दिला," भाची म्हणाली. "तिच्याशिवाय ही चित्रं कोणाकडेच नव्हती. अर्धवट राहिलेली सुद्धा यात आहेत, बघ."

"तुमचं भांडण कशावरून झालं होतं?"

"तिला खेळ छोटाच ठेवायचा होता. तीन मजले, संपलं. मला बारा हवे होते. ती म्हणाली, तू खेळ वाढवत नाहीयेस, फुगवते आहेस. आणि गेली. आता दुसऱ्या कंपनीत आहे."

"तू तिला विचारलंस?"

भाचीने विचारलं नव्हतं. सकाळी सातलाच तिने नेटवर सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं होतं, खडूचं पूर्ण नाव घालून. शिवाय तिच्या कंपनीला वेगळं पत्र पाठवलं होतं. खडूला तिथे लागून जेमतेम सहा आठवडे झाले होते.

आत्याने फोन तिच्या हातात दिला. "ते आधी काढ."

"का? तिने केलंय ते—"

"केलं असेल तर दुपारी परत लाव."

भाचीने रागारागाने ते काढलं. तोवर ते शेकडो लोकांनी पुढे पाठवलं होतं.

आत्या उजव्या पडद्यासमोर बसली. खेळातलं तिला फारसं काही कळत नव्हतं, पण उत्तरपत्रिका वाचता येत होती. बरोबर उत्तर कोणाचंही असू शकतं, चूक मात्र कोणाची तरी स्वतःची असते, हा तिचा आयुष्यभराचा हिशोब. ती सावकाश एकेक मजला चढली. भाची मागे येरझाऱ्या घालत होती.

पाचव्या मजल्यावर एका बाईची छत्री द्यायची होती. आत्याने दिली. बाई छत्री घेऊन गेली. लिफ्टच्या फरशीवर छत्रीची सावली तशीच राहिली.

आत्याने डाव्या पडद्यावर तेच करून पाहिलं. छत्री गेली, सावलीही गेली.

"ही चूक कोणाची गं?"

भाची वाकून बघायला लागली आणि बघतच राहिली. "माझी. सावलीचा भाग मी बदलला तेव्हा झाली होती. लगेच सुधारली मी."

"लगेच म्हणजे कधी?"

बदलांची नोंद होतीच. बुधवारी सकाळी चूक झाली होती, गुरुवारी दुपारी सुधारली होती. गेल्याच्या गेल्या महिन्यात.

"आणि खडू कधी गेली?"

"त्याच्या दोन महिने आधी."

"तिच्याकडे किल्ली राहिली असेल."

"नाही. त्याच संध्याकाळी मी पासवर्ड बदलला."

 आपण काय बोललो, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

राहिला भोंगा. आत्याने त्याला फोन लावून आडवेतिडवे प्रश्न विचारले. त्याला खेळाची प्रत दर शनिवारी मिळायची. तीही फक्त खेळून बघायची. आतला माल, म्हणजे प्रोग्राम आणि मूळ चित्रं, त्याने कधी पाहिला नव्हता. सावलीची चूक होती ती फक्त त्या बुधवार-गुरुवारच्या मध्ये, आणि तेव्हा कोणाच्याच हाती काही गेलं नव्हतं.

"मग तुझा माल ठेवतेस कुठे?"

"नेटवर, एका कोठारात. किल्ली फक्त माझ्याकडे."

"जॅमनंतर नवं कोठार केलंस?"

"नवं कशाला? तोच खेळ वाढवला, त्याच कोठारात."

आत्याने कोठाराचा पत्ता विचारला आणि स्वतःच्या फोनवर एका बोटाने टाइप केला. तिच्याकडे ना किल्ली, ना खातं. पान उघडलं. बाराही मजले, बुधवारची चूक, गुरुवारची दुरुस्ती आणि खडूची अर्धवट चित्रं, सगळं चव्हाट्यावर.

भाची खुर्चीत बसली.

"कोणी फोडलं नाही, चिमे," आत्या म्हणाली. "जॅमचा नियम होता ना, सगळ्यांनी आपापलं काम उघडं ठेवायचं, इतरांना शिकता यावं म्हणून? शेवटच्या पाच मिनिटांत अर्ज भरताना तू कोठार उघडं केलंस. आणि तसंच ठेवलंस दीड वर्ष. तू बदललीस ती लिहिण्याची किल्ली. वाचायला किल्ली लागतच नव्हती. कोणा परक्या माणसाने त्या बुधवारी येऊन सगळं उचललं. तुझी चूकसुद्धा त्याला दिसली नाही."

"पण ही चोरीच आहे ना? मी तक्रार करते."

"वरची ओळ वाच."

जॅमच्या नमुना अर्जातली ती ओळ होती. हे काम कोणीही घ्यावे, बदलावे, आपल्या नावाने प्रसिद्ध करावे. खाली भाचीचं नाव. परवानगी आता काढून घेतली तरी ती फक्त पुढच्यांसाठी बंद होणार. जे नेलं ते नेलं. भाचीने कोठार बंद केलं, पण बैल गेला आणि झोपा केला, अशातली ती गत.

"म्हणजे चोर मीच."

आत्याला खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. "तुझं स्वतःचं दिलंस, ते तुझं तू बघ. खडूची चित्रं तिला न विचारता वाटून टाकलीस. जिचं गेलं तिलाच चोर म्हणालीस. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तू तर लुटलेल्यालाच दिलीस."

भाचीने कंपनीला दुसरं पत्र लिहिलं, सगळा दोष आपल्यावर घेऊन. अर्ध्या तासात उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, संबंधित व्यक्ती आजपासून कंपनीत नाही, निर्णय बदलणे आता शक्य नाही. तिने माफीही जाहीर लिहिली. ती वाचायला कोणाला सवड नव्हती.

"आत्या, काय करू?"

 आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. वर्गातल्या कॉपीत आत्याला शेवटी कोणाला तरी नापास करता यायचं, आणि प्रकरण तिथे मिटायचं.

भाचीने खडूचा नंबर लावला. चौथ्यांदा लावल्यावर खडूच्या आईने उचलला. त्या घरी भाची शाळेपासून जेवलेली होती. त्या माऊलीने तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचा ताप उतरवला होता.

"काकू, मी बोलतेय. खडू आहे?"

 खडूची आई अगदी शांतपणे, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "कोणाचा फोन म्हणून सांगू?"