पालकाच्या सान्निध्यात

करंजपूरच्या कुटुंब न्यायालयात मुलांच्या भेटीचा दिवस शनिवारचा. तळमजल्यावरच्या खोलीत चटया, लाकडी ठोकळे आणि एक बुटकी घसरगुंडी. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर मदतनीस बाई एक मऊ, पांढरी पट्टी बांधायच्या. कागदोपत्री तिचं नाव ‘भावमापक’ होतं, पण गावात सगळे तिला भयपट्टीच म्हणत. नाडीचे ठोके, कातडीवरचा घाम आणि ताण आला की त्या घामात उतरणारी रसायनं यांवरून मूल किती घाबरलंय ते ती ओळखायची. पट्टी हिरवी असेपर्यंत भेट चालायची. लाल झाली की दारावरचा दिवा लागायचा आणि भेट तिथेच संपायची.

त्या शनिवारी आमदार सुलक्षणा खराडे वार्ताहरांना ही खोली दाखवायला आल्या होत्या. भयपट्टी राज्यभर सक्तीची व्हावी आणि तिच्या नोंदीवरच मुलाचा ताबा ठरावा, यासाठी विधेयक मांडून त्यांनी वर्षभर रान उठवलं होतं. ‘लेकराचं ऐका’ ही त्यांची घोषणा रिक्षांच्या पाठीवरसुद्धा दिसे. विरोधक म्हणत, या बाई आईबापांपासून पोरं तोडायला निघाल्यात. पण सावत्र बापाच्या घरात मुकाट मार खाणारी दोन भावंडं याच पट्टीमुळे सुटली होती. सुलक्षणाताई त्यांना स्वतः भेटल्या होत्या. त्यांच्या मोहिमेची सुरुवात तिथून झाली होती, निवडणुकीतून नव्हे.

खोलीच्या एका कोपऱ्यात दिगंबर पाटोळे आपल्या मुलीसमोर मांडी घालून बसले होते. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवत. आठ वर्षांच्या केतकीने ठोकळ्यांचा पूल केला. त्यांनी हाताची होडी करून पुलाखालून नेली, तशी ती हसली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. केतकीनेही तिकडे पाहिलं आणि पट्टी लाल झाली. मदतनीस बाई तिला कडेवर घेऊन बाहेर गेल्या.

पाटोळे उठून सुलक्षणाताईंपाशी आले. “ताई, ती मला घाबरत नाही. मी निघणार, याला घाबरते.”

भोवती कॅमेरे होते. “सर, माणूस खोटं बोलेल, पट्टी बोलणार नाही,” ताई म्हणाल्या.

संध्याकाळी ते वाक्य सगळ्या वाहिन्यांवर होतं.

विरोधकांनी त्यावर जाहीर आव्हान दिलं: मग बाईंनी आधी आपल्या लेकीला पट्टी बांधून दाखवावी. सुलक्षणाताईंनी ते तिथल्या तिथे उचललं. पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेचं नाट्यगृह खचाखच भरलं. त्यांची दहा वर्षांची ओवी नवा परकर-पोलका घालून मंचावर उभी राहिली. पट्टी तयार करणारी अभियंता रेवती नाडगौडा विंगेत संगणकावर बसली. मागच्या मोठ्या पडद्यावर ओवीच्या भयाची रेघ हिरवी, सपाट चालली होती. भाषण संपवून ताई ओवीशेजारी आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओवी प्रेक्षकांकडे बघून हसली.

ताईंची नजर खाली गेली. ओवीच्या मनगटावरची पट्टी लाल होती.

त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तिथली रेघ हिरवीच होती. टाळ्या पडत राहिल्या.

कार्यक्रमानंतर रेवती त्यांना रंगपटात भेटली. “मी पडद्यावरचं चित्र गोठवलं, ताई. दुसरं काही सुचलं नाही.”

“बरं केलंस,” ताई म्हणून गेल्या. मग आरशात स्वतःकडे बघायचं त्यांनी टाळलं. “पट्टी बिघडली होती?”

“नाही.”

“मग ओवी मला घाबरते, असं म्हणायचंय तुला?”

“ती घाबरली, एवढंच पट्टीला कळतं. कुणाला, कशाला, ते कळत नाही.”

“अगं, मग न्यायालयात जे अहवाल जातात ते?”

“त्यात आम्ही लिहितो, ‘पालकाच्या सान्निध्यात भय’. ‘पालकाचं भय’ असं आम्ही कधीच लिहिलेलं नाही.” रेवती अडखळली. “ते तुमच्या भाषणात आलं. नंतर वकिलांनी उचललं, मग न्यायालयांनीही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण कामाला मान मिळत होता.”

घरी ओवी परकर बदलून शहाळ्यातली मलाई खात बसली होती. ताई तिच्याशेजारी टेकल्या.

“ओवी, मंचावर तुला माझी भीती वाटली?”

ओवीने चमचा थांबवला. “मला वाटलं की नाही वाटत. पण पट्टी लाल झाली ना? म्हणजे वाटत असेल.”

“पट्टीचं राहू दे. तुला काय वाटत होतं?”

“तू खांदा दाबतेस तेव्हा हसायचं असतं. आणि हसायला जमलं नाही की तू गाडीत बोलत नाहीस.” ती सहजपणे म्हणाली, शाळेतलं काही सांगावं तशी. “आज जमलं ना?”

पट्टी खोटी ठरवावी, तर तिने आईबापापासून तोडलेली मुलं समोर येत होती. खरी मानावी, तर ही लेक. आणि नीट पाहिलं तर पट्टीने इथे थोडं खरंही सांगितलं होतं. त्यांनी तोंडावरून पदर फिरवला आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

रविवारी सकाळी त्या एकट्याच पाटोळ्यांच्या घरी गेल्या. पाटोळे शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि इस्त्री बंद केली. ताईंनी नाट्यगृहात घडलेलं सगळं सांगितलं, ‘बरं केलंस’ म्हटल्याचंही. पाटोळे रागावतील अशी त्यांची अपेक्षा होती. रागावले असते तर त्यांना सोपं गेलं असतं.

“काल केतकी म्हणाली, बाबा, पट्टी म्हणते मला तुमची भीती वाटते, तर तुम्ही आता येऊ नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्यावर दया करून म्हणाली हो. मला वाईट वाटू नये म्हणून.”

“मी विधेयकाच्या समितीपुढे सगळं सांगणार आहे.”

“सांगा. पण ताई, पट्ट्या एकदम काढून टाका असं नका सांगू. त्या दोन भावंडांचं मीही वाचलंय.”

ज्या समितीपुढे विधेयकाची बाजू मांडायची होती, तिच्यापुढे सुलक्षणाताईंनी ओवीची खरी नोंद दाखवली. पट्टीने फक्त धोक्याची घंटा वाजवावी, निवाडा करू नये, मुलाशी माणसाने बसून बोलावं, असं त्यांनी मांडलं. मग त्या म्हणाल्या, “मी लोकांना यंत्राचं नव्हे, माझं म्हणणं ऐकवलं. आणि माझी पोर लाल दाखवत होती तेव्हा टाळ्या घेतल्या.” विरोधकांनी बाकं वाजवली. पक्षाने त्यांना पुढची उमेदवारी नाकारली. रस्त्यात ओळखीची माणसं नजर चुकवू लागली, आणि आपल्याला हे साजेसंच आहे असं त्यांना वाटे. ओवीच्या खांद्यावर हात ठेवण्याआधी त्या आता थबकत. ते ओवीला कळत असे, आणि त्याचीही त्यांना लाज वाटे.

पट्टीच्या नोंदीवर निकाल लागलेली प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली गेली. केतकीची पहिली पट्टीविना भेट ठरली, तेव्हा पाटोळ्यांनी ताईंना बोलावलं. “तिला तुमच्याच तोंडाने सांगा,” ते म्हणाले.

ताई चटईवर केतकीसमोर बसल्या. “बाळ, पट्टीला सगळं कळतं असं मी म्हणाले होते. ते चुकीचं होतं. तुला बाबांची भीती वाटते, असं ती सांगत नव्हती.”

केतकीने चटईच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. ती जवळ गेली नाही आणि लांबही सरकली नाही. बराच विचार करून तिने विचारलं,

“मग मला भीती वाटते की नाही, हे आता मला कोण सांगणार?”