सतराचा खिळा

बसा पोट्टेहो, अन् ते मोबाईल ठेवा खिशात. भूतबित मी मानत नाही. पण मोहिउद्दीन मिस्त्री खोटं बोलणारा माणूस नव्हे. चाळीस वर्षं झाली, माझ्या विहिरीवरचं इंजिन तोच दुरुस्त करतो. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

राळेगावच्या रस्त्यावर ती बंद जिनिंग आहे ना, शंभराहून जास्त वर्षांची? मुंबईच्या एका शेटजींनी बांधलेली. तिथं आपली रुई दाबून गाठी व्हायच्या, गाठी रेल्वेनं मुंबईच्या बंदरात जायच्या, तिथून बोटीत. त्या पैशावर शेटजींनी मुंबईत गोदामं बांधली, कॉलेज काढलं, दवाखाना काढला. पुतळाही आहे म्हणे त्यांचा. प्रेसच्या खोल पेटीत उतरून पायानं रुई तुडवणाऱ्याला मात्र इथं नुसता पितळी बिल्ला मिळायचा, नंबराचा. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

मागच्या डिसेंबरात मोहिउद्दीनला मुंबईहून फोन आला. बंदराच्या इतिहासाचं एक संग्रहालय उघडत होतं, त्यांना जुन्या प्रेसवर दाबलेली एक खरी गाठ पाहिजे होती. मोहिउद्दीननं तीन दिवस झटून तिथलं डिझेल इंजिन चालू केलं. रुई तुडवायला लखीरामला बोलावलं. दोघे एका पाटीवर शिकलेले. लखीरामच्या पोरीला, सुरभीला, नर्सिंगला घातलं ते दोघांनी मिळून.

चौकीदार देवरावनं दोघांना आधी कचेरीत नेलं. भिंतीवर खिळ्यांची ओळ, प्रत्येकावर एक बिल्ला. पेटीत उतरताना काढायचा, वर आलं की परत टांगायचा. सतराचा खिळा तेवढा रिकामा.

"सतरा कुठी गेला?" लखीरामनं विचारलं.

"मुंबईले. मानसासकट, गाठीतच," देवराव म्हणाला. "मुकादम नुसत्या आवाजावर गेला त्या दिवशी, मानूस वर आला समजून रुईवर दट्ट्या सोडला त्यानं. इंजिनापुढं आवाज काय समजते? तवापासून रीत हाय. वर आलेल्या मानसाचा हात हातात घ्याचा, मंगच दट्ट्या सोडाचा."

लखीराम हसला. अठराचा बिल्ला काढून त्यानं खिशात टाकला.

"देईन बे तुले हात. काहून भेतं?" तो मोहिउद्दीनला म्हणाला.

शुक्रवार होता, अमावस्या. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. वर एकच बल्ब. लखीराम पेटीत, मांड्यांपर्यंत रुईत. मोहिउद्दीन वरच्या फळ्यांवर दट्ट्याचा दांडा धरून उभा. रुईजवळ नको म्हणून दोघांचे मोबाईल कचेरीत ठेवलेले. पेटी भरत आली, अन् लाईट गेली.

इंजिन डिझेलवरचं, ते चालूच राहिलं. बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती. तरी थांबायला पाहिजे होतं. तो अजून तेच म्हणतो. थांबायला पाहिजे होतं.

"लखीराम, वर ये. हात दे."

काही दिसेना. इंजिनाची धडधड तेवढी. त्यानं हात पुढे केला...

हातात हात आला.

थंड. ओला. रुईचे तंतू चिकटलेले. घाम असेल, त्याला वाटलं. त्या हातानं त्याचा हात घट्ट धरला.

मोहिउद्दीननं दांडा ओढला.

दट्ट्या खाली गेला. मध्येच जरासा अडला... मग गेला.

हात सुटला.

"लखीराम?"

"लखीराम, बोल ना बे."

लाईट आली. फळ्यांवर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

दट्ट्या वर घेऊन, रुई उपसून लखीरामला काढेपर्यंत मध्यरात्र झाली. जीव केव्हाच गेला होता. त्याचा उजवा हात वर होता. द्यायला निघालेला.

सुरभीला फोन मोहिउद्दीननंच केला. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अंधारात चूक झाली, असं पोलिसांनी लिहून घेतलं. तोही आता तसंच म्हणतो. पण कोणाच्या हातात हात देत नाही. ईदलाही नाही. परवा मुंबईहून पुन्हा फोन होता त्याला. झालं ते वाईट झालं म्हणाले, अन् दुसरी गाठ कधी मिळेल, विचारत होते.

आता राहिलं एक. सकाळी पंचनाम्याला देवरावनं कचेरीचं कुलूप काढलं, तेव्हा मोहिउद्दीन सोबत होता. सतराच्या खिळ्यावर बिल्ला टांगलेला होता. हिरवा पडलेला, ओला, खाली भिंतीवर ओघळ. मोहिउद्दीननं त्याला बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

खारट.

समुद्र इथून किती लांब आहे, माहीत आहे ना तुम्हाला... रिकामा खिळा आता अठराचा आहे.