चारूनं सांगितलेली कादंबरी

योगेंद्ररावांचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होते. "अक्का, चारूची पुस्तकं घेऊन जाता का? नाहीतर रद्दीवाल्याला देतो. कपाट रिकामं करायचंय." चारू, म्हणजे चारुलता, माझी धाकटी बहीण. तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मेहुण्यांना कपाट कोणासाठी हवंय ते मला न सांगता कळलं. रविवारी सकाळच्या एसटीनं मी रिकाम्या गोण्या घेऊन धुळ्याला गेले.

धुळ्यातल्या देवपुर भागात या माणसाचा फार मान. महिन्यातून एकदा तिथं वाचनकट्टा भरतो. अलीकडे काय वाचलं ते प्रत्येकानं सांगायचं. योगेंद्रराव सांगायला लागले की लोक हातातला चहा विसरत. खरी गोष्ट फक्त चारूला आणि मला ठाऊक. शाळा सुटल्यापासून त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं. वाचायची चारू. ते जेवायला बसले की ती पोळ्या लाटता लाटता अख्खी कादंबरी सांगायची, आणि हे "हं, मग?" करत जेवायचे. आयत्या बिळावर नागोबा!

ती गेली तीही कट्ट्याच्याच दिवशी. "झोपेत गेली, हार्ट अटॅक," असं ते म्हणाले. पण तिला शेवटची आंघोळ मी घातली. बोटं सोलली होती, नखं तुटली होती. झोपेत कुणाची नखं तुटतात? विचारलं तर गळा काढून रडले. तेव्हापासून माझ्या पोटात आग आहे. या माणसाचं वाटोळं होऊ दे, एवढंच मी देवाकडे मागत होते.

त्या रविवारी कट्टा त्यांच्याच घरी होता. दुपारी मी बाहेरच्या खोलीत गोण्या भरत बसले आणि ते आत जेवायला गेले. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इतक्यात वीज गेली. कूलरची घरघर थांबली आणि आतून बाईचा आवाज आला. दबका, एका लयीत काहीतरी सांगणारा. मधेच योगेंद्रराव म्हणाले, "हं… मग?"

फोनवर बोलत असतील म्हणावं, तर त्यांचा फोन माझ्या शेजारीच टेबलावर होता. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. ते ओट्याकडे तोंड करून एकटेच जेवत होते. आत बामचा उग्र वास कोंडला होता.

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. उलट खुशीत हसले. "आजचं पुस्तक पक्कं करतोय, अक्का. शेवट तेवढा राहिलाय. तो बोलता बोलता येतो… हल्ली आपोआप येतो."

ऊन कलल्यावर माणसं जमली. कट्टा चालवणारे म्हातारे हिलाल आबा आले. ज्योत्स्ना नावाची एक अबोल बाईही वडिलांबरोबर आली होती. "यांना वाचनाची फार आवड आहे," असं योगेंद्ररावांनी सगळ्यांना सांगितलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवी चारू शोधली होती त्यांनी.

त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक हातात धरलं आणि सुरुवात केली. एक बाई असते, ती पुस्तकं वाचते आणि नवऱ्याला सांगते. नवरा चारचौघांत मिरवतो. लोक हसले. मी नाही हसले.

"एके दिवशी ती म्हणते, आज मी येणार. मी वाचते हे मीच सांगणार. नवरा म्हणतो, आधी शेवट सांग… ती सांगते. मग तिच्या छातीत कळ येते. ती बाम चोळते. म्हणते, अहो, दवाखान्यात न्या…"

योगेंद्ररावांनी हात तोंडावर दाबला. तरी आवाज येतच राहिला, बोटांच्या फटींतून, अगदी स्पष्ट.

"नवऱ्याला वाटतं, ढोंग करतेय. तो तिचा फोन खिशात घालतो… बाहेरून कडी लावतो… आणि कट्ट्यावर जातो."

हिलाल आबा पुस्तकाकडे बोट दाखवून अहिराणीत हळूच म्हणाले, "भाऊ, हाई पुस्तकमा लिखेल शे का?"

योगेंद्ररावांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, विनवणी होती. मला थांबवा, असं ते डोळे म्हणत होते. मी खुर्ची पुढे ओढली.

"हं," मी म्हणाले. "मग?"

"ती दार खरवडते… अक्का, अक्का म्हणून हाका मारते… तो परत येतो तेव्हा ती दाराशीच पडलेली असते. तो तिला उचलून गादीवर निजवतो."

आबांनी पुस्तक काढून घेतलं आणि कव्हर फाडलं. केळीच्या लागवडीचं पुस्तक होतं ते. ज्योत्स्ना उठली आणि वडिलांना घेऊन चहा न पिताच निघून गेली.

पोलिसांत मी गेले होते. पण सांगितलेल्या कादंबरीवरून गुन्हा दाखल होत नाही, आणि चारूची केव्हाच राख झालेली. काही अडलं नाही त्यावाचून. कारण तेव्हापासून योगेंद्रराव जेवायला बसले की त्यांचं तोंड सांगायला लागतं. घास आत जातच नाही, कादंबऱ्या बाहेर येतात, एकामागून एक. डॉक्टर थकले. माणूस सुकून काटकी झालाय. मी दर रविवारी जाते. मुद्दाम भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करून नेते, ताट वाढते आणि समोर बसते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं.

परवाच्या रविवारीही ताट वाढलं. त्यांनी घास उचलला आणि नवीच गोष्ट सुरू झाली. एक म्हातारी बाई असते, ती दर रविवारी डबा घेऊन एसटीनं येते. भुकेल्या माणसासमोर ताट मांडते आणि बघत बसते. असं करता करता एका रविवारी…

ते थांबले. आजवर कधी थांबले नव्हते.

"मग?" मी विचारलं. "पुढे काय?"

ते ओट्याकडे बघत राहिले, कान देऊन. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "थांबा, अक्का… अजून पान उलटलं नाही तिनं."