वहिनी नाही, ताईही नाही

"राहू द्या वहिनी, तुम्हाला नाही झेपायचं," असं म्हणून त्या गृहस्थाने माझ्या हातातलं डंबेल चक्क काढून घेतलं. लंडनमधल्या हॅरोच्या क्रीडाकेंद्रात, पन्नाशीपुढच्यांच्या व्यायामवर्गात, पहिल्याच दिवशी. माझं डोकं असं सणकलं म्हणता!

"तुमच्या कुठल्या भावाची बायको मी?" मी विचारलं आणि डंबेल परत घेतलं.

आधीच मी पेटलेली होते. पाळी थांबून काही वर्षं झाली होती. २००६च्या जानेवारीत फुटपाथवर घसरले, मनगट मोडलं, आणि स्कॅनमध्ये हाडं विरळ झालेली दिसली. फिजिओ म्हणाली, चाला, वजनं उचला, हळूहळू वाढवा. हाडांना आणि स्नायूंना काम लागतं. माझ्या लेकाला, वीरला, त्यातलं फक्त 'विरळ' ऐकू आलं. माझं घर विकायचं आणि मला बर्मिंगहॅमला त्याच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या चिमुकल्या खोलीत, नेऊन ठेवायचं, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. जो तो मला 'जपून' म्हणायचा. त्या शब्दाची मला शिसारी आली होती.

पुढच्या बुधवारी ते गृहस्थ पुन्हा शेजारी. रघुवीर कर्णिक, माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच एकटे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

"मग काय म्हणू... वैजयंतीताई?"

"भाऊ मला दोन आहेत. पुरेत."

ते हसले. मी लाजले — या वयात — आणि त्याचाही मला रागच आला.

मग वर्गानंतर बसस्टॉपपर्यंत बरोबर चालणं सुरू झालं. पाऊस आडवातिडवा यायचा, छत्री एकच... त्यांचा एक खांदा हमखास भिजायचा. माझी पिशवी मात्र ते कधी मागायचे नाहीत. शिकले होते.

ऑगस्टमध्ये एकदा ते मला घरापर्यंत सोडायला आले, तर दारात वीर उभा, एस्टेट एजंटला घेऊन. इथेच जन्मलेला तो, त्याचं मराठी असंच. "काका, तुम्ही सांगा ना. आई एकटा कशी राहणार? परत पडला तर?"

रघुवीरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जा तुम्ही बर्मिंगहॅमला," ते हळूच म्हणाले. "तुम्ही पडलात तर... मला नाही सहन व्हायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पडेन मी. आणि उठेन. उठता यावं म्हणूनच तर इतके दिवस घाम गाळतेय. वीर, घर विकायचं नाही. आणि तुम्ही—" आवाज कापत होता, रागानेच, "काळजी वाटते ना माझी? मग ती जवळ राहून करा. मला तुम्ही हवे आहात. सांभाळायला नाही, सोबतीला."

मराठीचं अक्षर न कळणारा तो एजंटसुद्धा खाली बघायला लागला.

रघुवीर उंबऱ्याशी वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.