खोटं आडनाव

यवतमाळहून दिग्रसला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा निम्मी बस रिकामी होती. मग इथंच का? माझ्या मनात पाल चुकचुकली.

कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर चकचकीत बॅग. "आमचा माणूस येऊन भेटेल," असं विमान कंपनीनं फोनवर सांगितलंच होतं. हाच तो!

गेल्या महिन्यात मी भरतकामाच्या प्रदर्शनासाठी दिल्लीला निघाले होते. अंगावर आमचा बंजारा वेश, आरशांचा घेरदार घागरा, फेटिया आणि कवड्या-आरशांची चोळी, कांचळी. विमानाच्या दारात तिथल्या बाईनं अडवलं. "इतर प्रवाशांना त्रास होईल, साधे कपडे घालून या." मी बदलले नाहीत आणि विमान मला टाकून उडालं. मी वकिलामार्फत तक्रार केली. आता ती मागे घ्यावी म्हणून गोड गोड फोन येत होते. घेते कशाला! उलट त्या दिवसापासून कुठंही जाताना मी हाच वेश घालते... मुद्दाम.

खड्ड्यात बस उसळली आणि माझ्या बाहीचे आरसे त्याच्या दंडाला घासले.

"टोचलं काय?" मी विचारलं.

"टोचू द्या..." तो हसला.

हसू गोड होतं मेल्याचं. अशीच माणसं जास्त फसवतात.

"तुमी दिल्लीले जाणार होत्या ना?" त्यानं हळूच विचारलं.

म्हणजे कंपनीचाच! "तुमाले कायले पाह्यजे?"

"असंच... आडनाव काय तुमचं?"

खरं सांगितलं की हा तक्रारीची फाइल काढणार! "चव्हाण," मी ठोकून दिलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो जरासा पलीकडे सरकला आणि समोरच्या सीटकडे बघत बसला. चुकीची बाई निघाली तर कंपनीच्या माणसानं उठून जायला हवं की नाही?

दारव्हा मागे पडलं. मग एकदम त्यानं अगदी हळू आवाजात, आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, एक सणसणीत शिवी उच्चारली. मी उडालेच! ही तर माझीच शिवी — त्या दिवशी दारातल्या बाईला मी हासडलेली. तिला कुठली कळतेय!

"मी मागंच उभा होतो," तो म्हणाला. "साऱ्या रांगेत मले एकट्यालेच समजली. मीबी बंजाराच, तांड्यातला. पण शर्ट-पँटमधी होतो ना, मले कोणी अडवलं नाही. अन् मी... गुमान विमानात जाऊन बसलो." त्यानं मांडीवरची बॅग उगाच सरकवली. "तुमी तक्रार केल्याचं कानावर आलं. आता साक्ष देतो. वकिलाले नाव सांगा, इंद्रजीत चव्हाण."

चव्हाण!

म्हणजे हा आडनाव विचारत होता ते कंपनीसाठी नव्हे... आमच्याकडे मुलगी आवडली की पहिला प्रश्न हाच असतो. एका आडनावाची माणसं भाऊ-बहीण. आणि मी शहाणी स्वतःच्या तोंडानं त्याची बहीण होऊन बसले होते!

"बहिणीसाठी एवढं तं करावंच लागन," तो कसनुसं हसला.

आता गप्प बसले तर हा साक्षही देईल आणि राखीलाही येईल. नको ग बाई!

"मी राठोड हाये," मी घाईघाईनं म्हटलं. "सलोनी राठोड."

त्यानं डोळे बारीक केले. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. "खरं? का साक्षीसाठी गोड बोलून राह्यल्या?"

"साक्ष नका देऊ हवं तं. पण... बहीण नका म्हणू मले."

माझे कान तापले. वाटलं, ही बस आता दिग्रसला पोचूच नये.

"मंग दिल्लीले परत जासान तवा... मी येऊ संगं?"

"या. पण आपली पागडी बांधून."

कॉलरशी त्याचा हात चाळवला. "अन् दारात अडवलं तं?"

"तं?"

"तं..." त्यानं एक मोठा श्वास घेतला, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "या खेपेले शिवी मी देईन."