गोपिकेच्या मानेवरचा मळ

गोपिकेची मान गोरी झाली, की इंदूबाईच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, सून. तिच्या मुलाला, कृष्णकांतला, एकतिसावं सरत होतं, डावा पाय आखूड, आणि हातमाग चालवतो यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. अशाला मुलगी मिळायची तर साटंलोटंच. आपली पोरगी त्यांच्या घरात द्यायची, त्यांची आपल्या घरात आणायची. दुसरी, रस्त्याकडची खोली. ती मेलेल्या दिराची. त्याची एकुलती पोर गोपिका तिथे निजत होती, तोवर खोली इंदूबाईची होत नव्हती. तिसरी गोष्ट म्हणजे नाव. पोरक्या पुतणीचं सोनं केलं, असं सारी तांडापेठ म्हणणार.

हे सगळं अडलं होतं चार बोटं कातडीपाशी.

उमरेडचे मारोतराव आपल्या मुलासाठी गोपिका पाहून गेले. त्यांचीच मुलगी कौशल्या कृष्णकांतला द्यायची होती. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पोरगी भरल्या अंगाची हाय, इंदूबाई. पन मानेवर एवढा मळ काहून? आमचं सुताचं घर. डाग आमच्या बायकायले दुरून दिसते."

"उन्हाचं हाय भाऊ. लग्नापर्यंत नखासारखी लख्ख करते पोरीले."

दुसऱ्या दिवसापासून गोपिका सकाळी मोरीत पाटावर मान खाली घालून बसू लागली. मानेच्या मागे घडीघडीचा काळा पट्टा, हाताला मखमलीसारखा लागणारा. इंदूबाई आधी बेसन-दही लावी, मग पाय घासायची वजरी घेई. वळ्या निघत, रक्त निघे. काळं जागचं हलत नसे.

"काकू, दुखते वं."

"माह्या हाताले नाही दुखत काय? बस चुपचाप."

एक जखम आठवडा झाला तरी भरेना, तेव्हा पोरीला खापरे डॉक्टरांकडे न्यावं लागलं. त्यांनी मान पाहिली, बगला पाहिल्या, ती पाणी किती पिते ते विचारलं. मग तिची लघवी निळ्या औषधात मिसळून काचेची नळी ज्योतीवर धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी जुन्या विटेसारखं लाल.

"हा मळ नाही, बाई. घासणं आजपासून बंद."

"मंग काय हाय?"

"साखर. शरीरात साखर जिरवणारा रस असतो, तो हिच्या अंगी लागत नाही. आत असं बिघडलं की काहींच्या मानेवर हे काळं उमटतं. कातडी चहाडी करते म्हणा. गोड बंद, भात बंद, उद्यापासून सुई. आत सुधारलं की वरचं आपोआप फिकं होईल."

"लग्न तीन आठवड्यांवर हाय."

"मग पुढे ढकला."

इंदूबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी तिला राहतं घर सोडायला सांगितलं होतं. साखरेची पोरगी उमरेडात कोण घेणार? घरी आल्यावर तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घातली आणि सुताच्या कांड्या भरायच्या चरख्याच्या डगमगत्या पायाखाली पाचर म्हणून ठोकली. चरखा सरळ चालू लागला. कागद अगदीच वाया गेला असं नाही.

मग केळवणं सुरू झाली. अकरा घरं. चैत्र सरत आला होता, उन्हाने गल्लीतली कुत्री नालीत बसलेली, आणि नवरीच्या ताटात तुपात पोहणारी पुरणपोळी, आमरस, शेवयांची खीर.

"काकू, डॉक्टरनं गोड नाही म्हटलं."

"डॉक्टरच्या घरी चालली काय तू नांदाले? नवरीनं केळवणाचं ताट परत केलं तर त्या घराचं तोंड पाहता येत नाही पुन्हा. खाय मुकाट्यानं."

शेजारची प्रयागबाई स्वतःच्या हाताने घास भरवी. "अजून एक, वं पोरी! सासरी कोन पुसते?" बायका हसत. गोपिकाही हसे आणि गिळे. घरी आली की माठाशी बसून गडव्यावर गडवा पाणी पिई. मोरीच्या तोंडाशी काळ्या मुंग्यांची रांग लागली. इंदूबाईने राख टाकली. रांग राखेला वळसा घालून पुन्हा लागली.

पाचव्या केळवणानंतरच्या सकाळी इंदूबाईने वजरी ठेवून नुसता तळहात फिरवला आणि काळं हललं. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसावं, तसा एक पट्टा पुसला गेला. खाली गोरी कातडी. मोरीतून वाहिलेलं पाणी मात्र बेसनाचं पिवळटच होतं. काळं गेलं कुठे, हे इंदूबाईने पाहिलं नाही. गेलं ना, मग झालं.

दुपारी कांड्या भरताना सूत अडलं. उजवा तळहात मधोमध काळा दिसत होता, आणि मऊ. चरख्याचं वंगण असेल, असं म्हणून तिने रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, शेवटी वजरी घेतली. निघेना. गंमत ही, की पांढरं सूत त्या हातातून दिवसभर गेलं आणि पांढरंच राहिलं.

रोज मान उजळत गेली. रोज तळहात भरत गेला. इंदूबाई हात पदराखाली ठेवू लागली. एका हाताच्या बदल्यात तीन गोष्टी, सौदा तिला महाग वाटला नाही.

गोपिकेने आरशाचे दोन तुकडे मागेपुढे धरून मान पाहिली. "काकू, गेलं वं! खरंच गेलं!" आईबाप गेल्यापासून ती त्या घरात इतकी मोठ्याने हसली नव्हती. तिची गळ्याखालची हाडं वर आली होती. तोंडाला नासत चाललेल्या फळाचा गोड वास होता.

अकराव्या केळवणाच्या दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. खोलीभर तोच वास. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, डोळे अर्धे उघडे. कृष्णकांत लंगडत रिक्षा आणायला गेला. रिक्षा दारात आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

आंघोळ घालताना प्रयागबाई थबकली. "मान पाह्य वं, इंदू. शंखासारखी."

जखमेची खूणसुद्धा नव्हती.

मोरीपाशी मुंग्या नव्हत्या. रांग भिंतीवरून चढून चरख्याकडे गेली होती.

तेरवीला मारोतराव आले. डोळे पुसून म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्या, इंदूबाई. कौशल्याचं नाव गावात फुटलं. आता पोरीले घरी ठेवून काय करू? तुमच्याकडून काही नको. तिले पदरात घ्या."

इंदूबाईने डाव्या हाताने डोळे टिपले. सून आली, खोली आली, आणि 'पुतणीसाठी किती केलं बिचारीनं' हे नावही आलं. बदल्यात द्यायची होती ती पोरगी द्यावीही लागली नाही. इतकं नशीब पाहून तिची तिलाच थोडी लाज वाटली. थोडीच.

ज्येष्ठात हळद लागली. पहिली हळद आईची. इंदूबाईने उजवा हात वाटीत मनगटापर्यंत बुडवला, म्हणजे कुणाला दिसायला नको, आणि मुलाच्या मानेवरून मागून पुढे फिरवला.

"माय, हात किती गरम हाय तुहा," कृष्णकांत म्हणाला.

तिने हात धुतला. पुन्हा धुतला. तळहात गुलाबी, कोरा होता.

देवाला नारळ फोडून ती मोकळी झाली.

लग्नाला तीन आठवडे झाले असतील. सकाळी इंदूबाई माठापाशी गेली तर माठ कोरडा.

"कौशल्या, पानी कोन संपवलं वं?"

मोरीतून सून म्हणाली, "यायले तहान लय लागते, आत्या. उठल्यापासून सहा गडवे झाले."

इंदूबाई दाराशी आली. कृष्णकांत पाटावर मान खाली घालून बसला होता. खांद्यांची हाडं वर आली होती. वास ओळखीचा होता.

"यायच्या मानेवर किती मळ होता, आत्या! लग्नाआधी कोनी घासलाच नाही काय? पंधरा दिवसांपासून घासून राहिली मी. वजरीनं नाही गेला, नुसत्या हातानं गेला. आज पुरा निघाला पाहा."

मान शंखासारखी होती.

इंदूबाईने हिशेब केला. सून होती. खोली होती. नाव होतं. किंमत भरली गोपिकेने, आणि आता इंदूबाईच्या डोळ्यांदेखत कृष्णकांत भरत होता.

तिचे स्वतःचे दोन्ही हात स्वच्छ होते.

कौशल्याने उजवा हात पदराखाली नेला आणि हसून म्हणाली, "या आत्या, बसा. तुमची पन पाठ चोळून देते."